अंकुशभाऊंचा डबा

वसंतराव मोहरील यांनी उभ्या नोकरीत ठेकेदाराच्या घरचा कणही तोंडात घातला नव्हता. भ्रष्टाचारविरोधी सप्ताहाची शपथ झाल्यावर त्यांनी माइकवर तसं सांगितलं, टाळ्या घेतल्या, आणि संध्याकाळी नंदनवन कॉलनीतल्या घरी येऊन चहाबरोबर दोन काजूकतल्या खाल्ल्या. तिसरी उचलताना त्यांनी विचारलं, "कुठून आणली?"

"अंकुशभाऊ देऊन गेले," उत्तराबाई म्हणाल्या. "तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे."

वसंतरावांनी तिसरी खाली ठेवली. अंकुशभाऊ ठेकेदार होते. हुडकेश्वरच्या एका लेआउटमध्ये त्यांनी नाली बांधली होती आणि तिचा उतार उलटा होता. पाणी सोडलं की ते थोडं पुढे जाई आणि विचार बदलून परत येई. या नालीच्या बिलावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून वसंतरावांची सही बाकी होती.

"आत्ताच्या आत्ता सगळं परत कर."

"काय परत करू? दुपारी भिशीच्या बायांनी संपवलं. ह्या तीन तुमच्यासाठी झाकून ठेवल्या होत्या."

"मग डबा तरी पाठव."

"रिकामा? लोकाचा डबा रिकामा पाठवून राहिले तुम्ही? काय म्हणतीन त्यांच्या घरचे?"

शपथेत रिकाम्या डब्याबद्दल काहीच नव्हतं. उत्तराबाईंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या, डबा भरला, आणि उरलेली काजूकतली तत्त्व म्हणून त्यातच एका कोपऱ्यात ठेवली. चपराशाच्या हाती दिलं तर बभ्रा होईल म्हणून वसंतराव स्वतः डबा घेऊन गेले.

दार अंकुशभाऊंच्या आईने, यमुताईंनी उघडलं. त्यांनी उभ्या उभ्या एक वडी खाल्ली आणि डोळे मिटले. रिकामा डबा पाठवायची रीत त्यांच्याही घरी नव्हती. दोन दिवसांत डबा अनारसे घेऊन नंदनवनात आला. वसंतराव संतापले, पण उत्तराबाईंचं म्हणणं पडलं, की हे म्हातारीने पाठवलंय, ठेकेदाराने नाही. डबा वडाभात घेऊन गेला, पुरणपोळ्या घेऊन आला. पुढच्या आठवड्यात डब्याचं पातेलं झालं.

प्रत्येक खेपेला वसंतराव दारातूनच बजावत, आधी उतार सरळ करा, मगच सही. हे ऐकताना अंकुशभाऊंच्या तोंडात घास असे, त्यामुळे वाद होत नसे.

साहेबाने ठेकेदाराच्या घरी पातेलं वाहून नेल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी फोटो काढला. ऑफिसात निष्कर्ष निघाला, की मोहरील ठेकेदाराला लाच देऊन राहिले. वरिष्ठ इंजिनिअर अस्मिता मॅडमनी दोघांनाही बोलावून घेतलं.

"मोहरील, तुम्ही ठेकेदाराला का खाऊ घालताय?"

वसंतरावांनी हातातली फाइल उघडली. खरं सांगायचं तर सुरुवात दोन काजूकतल्यांपासून करावी लागली असती, आणि नोकरी कदाचित तिथेच संपली असती.

"मी सांगतो, मॅडम," अंकुशभाऊ म्हणाले. "साहेबाचं एकच, नाली सरळ कर. मी काही ऐकलो नसतो. पण माय जेवू देईना. म्हणे, त्या बाईच्या वड्या खातं अन् तिच्या नवऱ्याले उलटी नाली देतं काय गा? फोडली मग. नवीन बांधली. मले घाटा झाला, मॅडम."

मॅडमनी नियम चाळले. घेण्यावर पानंच्या पानं होती. सरकारी काम नीट व्हावं म्हणून साहेबाने ठेकेदाराला वडाभात देण्यावर एक ओळही नव्हती. मग तिघेही हुडकेश्वरला गेले आणि नालीत बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं. सगळे बराच वेळ थांबले, पण ते परत आलं नाही. वसंतरावांनी तिथेच बिलावर सही केली. काजूकतल्यांचा विषय निघाला नाही.

पाणी लेआउटच्या टोकापर्यंत गेलं. तिथून पुढची नाली दुसऱ्या ठेकेदाराची आहे. पाणी तिथे साचलं आहे.