यंदा प्रभू जड झाले

यहूदाला पुरलं कोणी?

पोरांनो, हा प्रश्न मी रविवारच्या शाळेत विचारला होता. शेळीबाईंनी मला उभं राहायला सांगितलं. मग बसायला सांगितलं. मग वर्गच सोडून दिला. नंतर पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावरून पंख फिरवला आणि माझं वय विचारलं. दुसरी पुरी व्हायच्या आत माझी शाळा सुटली, त्यामुळे पुढच्या इयत्तेत याचं उत्तर देतात की काय ते मला माहीत नाही. तुम्हाला कोणी दिलं असेल तर हात वर करा.

नाही ना? मग गप बसा आणि ऐका.

एका जंगलात ख्रिस्ती मंडळी राहत होती. मेंढ्या होत्या, रेडे होते, अस्वल होतं, एक कोंबडा आणि एक गाढव होतं. आणि आम्ही दोघे भाऊ होतो. आमोसदादा आणि मी, तीमथी. आम्ही खवल्या मांजरं. मांजर नुसतं नावात. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि जेवण म्हणजे मुंग्या.

पाळकसाहेब बगळे होते. एका पायावर उभे राहून डोळे मिटून ते तळ्याकाठी प्रार्थना करायचे. प्रार्थना फार लांब चालायची. संपेपर्यंत तळ्यातले दोन-चार मासे कमी झालेले असायचे.

त्यांच्या उपदेशाला मंडळी झोपायची. रेडे रवंथ करायचे, अस्वल घोरायचं. एक दिवस दादा त्यांना म्हणाला की साहेब, यांना वाचता येत नाही आणि ऐकणं जमत नाही, तर आपण दाखवून बघू. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, नाटक करू.

पाळकसाहेब म्हणाले, नाटक म्हणजे सोंग, सोंग म्हणजे खोटं, आणि खोट्याचा बाप सैतान.

"बरं," दादा म्हणाला, "मग त्याचंही एक काम ठेवू."

असं नाटक सुरू झालं. आणि काय सांगू पोरांनो, पहिल्याच वर्षी चमत्कार झाला. वधस्तंभाचा प्रवेश बघून अस्वल ढसाढसा रडलं आणि चोरलेलं मधाचं पोळं मधमाश्यांना परत देऊन आलं. थोडं चाटलेलं होतं, पण दिलं. पंचवीस वर्षांच्या उपदेशानं जे झालं नाही ते एका दुपारी झालं. पाळकसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की नाटकाची कल्पना त्यांना प्रार्थनेत सुचली.

पण मंडळी जरा जास्तच शिकली.

नाटकात गाढवानं प्रभूला पाठीवर बसवून शहरात नेलं होतं. त्या दिवसापासून खाली कापड अंथरल्याशिवाय ते पाऊल टाकेना. प्रभूला ओळखत नाही असं पेत्र म्हणतो आणि मग रडतो, त्या प्रवेशात कोंबडा आरवला होता. त्यानंतर तो रोज पहाटे आरवला की निम्मी मंडळी रडत उठायची आणि बायकोला काहीतरी कबूल करायची. जंगलात तेव्हा बरीच भांडणं झाली.

प्रभूचं काम वाघानं घेतलं. त्याला कोणी दिलं नव्हतं. तो उभा राहिला, आणि नाही म्हणायला कोणी उभं राहिलं नाही. नाटक झाल्यावर त्यानं पांढरा झगा परत केला नाही. मग लोक त्याला वाटेत भेटले की मान झुकवायला लागले. आजारी पोरांना त्याच्यापुढे न्यायला लागले. पुनरुत्थानाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एक ससा खाल्ला, तर मंडळी सशाच्या आईला समजावायला गेली, की बाई, रडू नको, तुझं पोरगं थेट प्रभूकडे गेलं.

आणि यहूदाचं, म्हणजे तीस नाण्यांसाठी प्रभूला धरून देणाऱ्या शिष्याचं, काम दादानं घेतलं.

त्याचं असं झालं, की ते कोणालाच नको होतं. मग सगळ्यांनी आमच्या चालीकडे बघितलं. आम्ही मागच्या दोन पायांवर चालतो, वाकून, पुढचे पंजे छातीशी धरून. कोणीही म्हणेल की यानं काहीतरी लपवलंय. दादा हसला आणि हो म्हणाला. मी चिडलो, तर मला म्हणाला, "तिम्या, धरून देणारा नसेल तर नाटक पहिल्या प्रवेशातच संपतं. सगळे जेवून घरी जातील."

दादा काम फार चांगलं करायचा. तीस चिंचोके फेकून देताना त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी यायचं. मेंढीआजी म्हणायची, बघा, यहूदा रडतोसुद्धा खोटं.

मग रविवारी प्रभुभोजनाची भाकर दादाच्या आधीच्या मेंढीपाशी संपायला लागली. झऱ्यावर त्यानं पाणी प्यायलं की बाकीचे थोडा वेळ थांबून मग प्यायचे. दादा शेवटच्या दगडावर बसायचा आणि मोठ्यानं गायचा. त्याचा आवाज चांगला नव्हता, हे मात्र खरं.

यंदा नाटकाच्या तीन दिवस आधी त्याला ताप आला.

मी पाळकसाहेबांकडे धावलो. त्यांनी मला वाघाकडे पाठवलं, कारण जंगलातल्या वैद्यानं केव्हाच दुकान बंद केलं होतं. प्रभू असताना त्याच्याकडे कोण जाणार? वाघ झगा घालून पडला होता. मी सांगितलं, आमोसला फार ताप आहे, तुम्ही नुसते चला. त्यानं जांभई दिली.

"दरवर्षी तो मला धरून देतो," वाघ म्हणाला, "आणि मी त्याच्या घरी येऊ?"

दादाला मी हे सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, वाघ भूमिकेत शिरायला लागला म्हणायचा. गुरुवारी सकाळी दादा गेला. अंगाचं वेटोळं करून गेला, थंडीत झोपतो तसा. मी बराच वेळ त्याला उठवत होतो.

आमच्या मंडळीचं कब्रस्तान बोरीच्या काट्यांच्या कुंपणात आहे. आत आमची आई आहे. कुंपणाबाहेर पुरलं की तरस येतात आणि उकरतात. दोन दिवससुद्धा लागत नाहीत. एवढं लक्षात ठेवा.

पाळकसाहेब एका पायावर उभे होते. मंडळीचे पंच मागे बसले होते. मी म्हणालो, दादाला आईशेजारी ठेवायचंय. पाळकसाहेबांनी पाय बदलला. म्हणाले, फार वाईट झालं, पण पवित्र जागेत यहूदाला कसं ठेवणार, लोकांच्या श्रद्धेला धक्का बसेल.

"तो आमोस आहे," मी म्हणालो.

"घरी असेल," पाळकसाहेब म्हणाले.

मग त्यांनी घसा साफ केला. उद्या नाटक आहे आणि यहूदा नाही, अशी अडचण त्यांनी सांगितली. माझी चाल अगदी त्याच्यासारखी आहे, असंही म्हणाले. पंचांनी माझ्या पंजांकडे बघून माना हलवल्या.

मी त्यांच्या अंगावर जाणार होतो. मी तसाच आहे, आधी अंगावर जातो आणि मग विचार करतो. पण माझं लक्ष साळूमावशीकडे गेलं.

साळूमावशी साळिंदर. मंडळीचे कपडे तीच शिवते, स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून. ती कोपऱ्यात बसून गवताचा बाहुला कापडात गुंडाळत होती. वाघाला गुहेत वटवाघळांचा वास येतो, म्हणून तो कबरेत झोपत नाही. वधस्तंभावरून उतरला की तो झुडपात जातो, आणि त्याच्या जागी कापडात गुंडाळलेला बाहुला मिरवणुकीनं गुहेत नेतात. गुहा कुंपणाच्या आत आहे. आईपासून पंधरा पावलं.

मी बाहुल्याकडे बघितलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं दातांनी दोरा तोडला.

"यंदा गवत फार कमी आहे," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "दुसरं काहीतरी भरावं लागेल."

ते म्हणाले, भरा काहीही, पण मंडळीला रडू आलं पाहिजे.

मी यहूदा व्हायला हो म्हणालो.

शुक्रवारी दुपारी सगळं जंगल जमलं. यहूदाचं एक बरं असतं. त्याचं काम लवकर संपतं. शिपायांना खूण म्हणून मी वाघाचा मुका घेतला, त्याच्या मिशांना ससा लागलेला होता, चिंचोके फेकले, आणि पडद्यामागे गेलो. मंडळीनं मला ढेकळं मारली. कधी नव्हे ती मला गोड लागली.

दादाला आम्ही रात्रीच पडद्यामागे आणून ठेवलं होतं. मी आणि मावशीनं त्याला कापडात गुंडाळलं. सगळा बसला, पण शेपूट बसेना. आमचं शेपूट अंगाएवढं असतं. मावशी कुजबुजत होती, "आमोस, बाळा, जरा आवर." मला हसू फुटलं. मग तिलाही फुटलं. बाहेर प्रभू मरत होते आणि आम्ही दोघं तोंडात कापड कोंबून हसत होतो. शेवटी शेपटीला वेगळं गुंडाळलं आणि बाहेरच ठेवलं.

अस्वल आणि तीन रेडे उचलायला आले.

"यंदा प्रभू जड आहेत," अस्वल म्हणालं.

"पापं वाढलीत," पाळकसाहेब म्हणाले.

आणि निघाली मिरवणूक. पोरांनो, असा थाट तुम्ही बघितला नसेल. पुढे मेणबत्त्या, मागे गाणं, दोन्ही बाजूंनी फुलं. मेंढीआजी गर्दीतून वाट काढत आली, शेपटीला पाय समजली आणि तिनं तिचं तीन वेळा चुंबन घेतलं. रडत म्हणाली, देवा, माझ्यासाठी किती सोसलंस रे. दादाच्या आधी भाकर संपवणारी मेंढी ती हीच. गाढव तर कापड न अंथरता चिखलातून चालत आलं.

पाळकसाहेबांनी गंध लावलं, तेल शिंपडलं आणि प्रार्थना केली. दोन्ही पाय टेकून केली. या देहासारखा निष्पाप देह या मातीत दुसरा नाही, असं म्हणाले. मी गर्दीच्या मागे ढेकळं झटकत उभा होतो. सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हणालो.

मग गुहेच्या तोंडावर दगड लावला.

आता म्हणाल, रविवारी दगड सरकवतील, तेव्हा काय? आम्ही खवल्या मांजरं आहोत, पोरांनो. वाचता येत नसेल, पण खणता येतं. शनिवारी सगळी मंडळी दारं लावून शोक पाळत बसते. मी भर उन्हात टेकडीच्या मागून बीळ पाडलं आणि गुहेत शिरलो. आत खोल खड्डा केला. दादाला मोकळं केलं, त्याच्या आवडीच्या वेटोळ्यात ठेवलं आणि माती ओढली. बोलायचं काही उरलं नव्हतं. सगळं पाळकसाहेब बोलून गेले होते. कापडाची घडी करून बाजूला ठेवली, कारण नाटकात ती तिथे लागते. बीळ बुजवून बाहेर आलो.

रविवारी सकाळी मंडळी नवे कपडे घालून आली. वाघ झुडपात तयार होता. रेड्यांनी दगड सरकवला, आणि नेहमीप्रमाणे पाळकसाहेब आधी एकटे आत गेले. मी देवदूताचा कंदील धरून त्यांच्या मागे होतो. देवदूताला आदल्या दिवशीचं भोजन बाधलं होतं.

पाळकसाहेब घडी केलेल्या कापडापर्यंत गेले आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत मातीत गेला.

त्यांनी खाली बघितलं. ओल्या, नव्या मातीकडे बघितलं. माझ्या पंजांकडे बघितलं. नखांत तीच माती होती. मी लपवली नाही. जन्मात पहिल्यांदा मी पंजे छातीपासून दूर धरले.

बाहेर शंभर जण श्वास रोखून उभे होते. मेंढीआजीनं विचारलं, "साहेब, प्रभू आहेत का आत?"

 पाळकसाहेबांनी हो म्हणावं तर कबर भरलेली आणि पुनरुत्थान गेलं. खरं सांगावं तर शुक्रवारची ती प्रार्थना कोणासाठी झाली ते सांगावं लागलं असतं. ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला त्यांची कीव आली. मग हा बगळा, ज्यानं आयुष्यात कधी नाटकात काम केलं नव्हतं, तो देवदूताचं वाक्य म्हणायला दाराकडे वळला.

"तो इथे नाही," पाळकसाहेब म्हणाले.

काय जल्लोष झाला. कोंबडा आरवला, रेडे नाचले, अस्वलानं गाढवाला मिठी मारली. सगळे आत यायला धावले.

मी कंदील खाली ठेवला. पाळकसाहेबांचा पाय दोन्ही पंजांनी धरून मातीतून वर काढला. आणि मंडळी आत यायच्या आधी त्यांच्या पावलाचा खड्डा भरून, थोपटून, सपाट केला, म्हणजे नाचताना कोणी अडखळायला नको. त्या मंडळीसाठी मी केलेलं शेवटचं काम ते.

तात्पर्य : पापाला क्षमा आहे, पाप्याच्या भूमिकेला नाही. म्हणून मुलांनो, पाप खुशाल करा, पण नाटकात काम घ्याल तर प्रभूचंच घ्या. जिवंतपणी नाही मिळालं, तर निदान मेल्यावर तरी.