काकींच्या स्कूटरची स्प्रिंग

मानवी संस्कृतीचा पाया चाकाने घातला, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकांच्या मते चाक हा दुय्यम शोध आहे. संस्कृती उभी आहे ती करंगळीच्या पेराएवढ्या तीन स्प्रिंगांवर, आणि त्या सध्या त्यांच्या शर्टाच्या खिशात आहेत.

काका मूळचे नावडे गावचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी बिनगिअरच्या स्कूटरचे क्लच बनवण्यात हयात घालवली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, क्लच सुटला नाही.

"सोपं हाय, मास्तर. इंजिन जोरात फिरलं का क्लचचे शू बाहेर झेपावतात नि ड्रमला पकडतात. स्प्रिंग त्यांना मागं खेचते. कडक स्प्रिंग उशिरा पकडनार, पन हिसका देनार. मऊ स्प्रिंग लगेच पकडनार, पन घसरत घसरत."

हे ते मला, शाळामास्तराला, कपाच्या आतल्या कडेला तीन बिस्किटं टेकवून समजावतात: कप म्हणजे ड्रम, बिस्किटं म्हणजे शू. बिस्किटं माझी असतात.

माणसंही ते याच मापाने मोजतात. सोसायटीचे सेक्रेटरी मऊ: "आवाज झाला का हलतो, ओढत कायच नाय." मी कडक: "इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर."

गेल्या वर्षी मुलीने काकींना स्कूटर घेऊन दिली. "हिला पिकअपच नाय," म्हणत काकांनी पहिल्याच दिवशी कंपनीच्या स्प्रिंगा काढून कडक घातल्या. काकींनी गेटपाशी मूठ पिळली. गाडी हलली नाही, म्हणून आणखी पिळली. मग गाडी वॉचमनच्या केबिनमध्ये गेली आणि काकी बाहेर राहिल्या. मनगट मोडलं.

हाड जुळलं, पण नावड्याला बहिणीकडे काकी रिक्षाने जाऊ लागल्या. "मला नाय जमत ती," एवढंच. स्प्रिंगा बदलल्याचं काकांनीही त्यांना सांगितलं नाही. रोज दुपारी पार्किंगमध्ये क्लच उघडून बसू लागले. कुणी विचारलं, तर म्हणत, "संशोधन."

"काका, कंपनीच्याच परत बसवा की," मी एकदा म्हणालो.

"बसवल्या. ती बसली, मूठ पिळलीच नाय तिनं, उतरली."

त्यांच्या तोंडून क्लचशिवायचं वाक्य मी प्रथमच ऐकलं.

मग ते मऊ, त्याहून मऊ असं करत गेले. अखेर एका दुपारी काकी बसल्या आणि गाडी पाळण्यासारखी निघाली. काका शेजारून चालत होते. गाडी त्यांच्या पुढे जात नव्हती.

"काका, क्लच घसरतोय," मी हळूच म्हणालो. "शू जळतील."

"जळू दे. शू दुकानात मिळतात."

आता काकी रोज स्कूटरने बाहेर पडतात. फक्त पार्किंगमधून रस्त्यावर येणारा चढ गाडीला झेपत नाही. इंजिन घुमतं, जळके शू घसरतात, चाक फिरत नाही. काका मागून खांदा लावून ढकलतात. वर पोचल्यावर काकी मागे न बघता म्हणतात, "चढते की नीट आता."

काकांना तेव्हा दम लागलेला असतो, त्यामुळे ते नुसती मान हलवतात.