पानमळ्यातला अविश्वास ठराव

अक्काताई खोतांच्या पानमळ्यातल्या मातीची निवडणूक झाली आणि मर रोगाची बुरशी बिनविरोध सरपंच झाली. बिनविरोधच होणार होती. अक्काताईंनी इतक्या हौसेनं मुळाशी औषध ओतून आळवण्या केल्या होत्या, की उभं राहायला दुसरं कोणी जमिनीत उरलंच नव्हतं. चांगले सूक्ष्मजीव बिऱ्हाडं उचलून बांधाखाली राहायला गेले होते.

सरपंचबाईंनी पहिल्याच बैठकीत मुळं खायचा ठराव मंजूर केला. वेली माना टाकू लागल्या. स्वतःच्या हातानं लावलेला मळा डोळ्यांदेखत पिवळा पडताना पाहून अक्काताईंनी तालुक्याला निरोप धाडला.

तालुक्याहून मातीचे निवडणूक अधिकारी घेरडेसाहेब आले. पानमळ्यात पायताण चालत नाही, म्हणून त्यांनी बूट बांधावर काढले आणि मोजे खिशात घातले.

"सायेब, हिला खाली वढायची कशी?" अक्काताईंनी विचारलं.

"अविश्वास ठराव आणा. पण तक्रारदार मातीतला रहिवासी लागतो. तुम्ही चालणार नाही, तुम्ही वर राहता."

एवढ्यात धाकटे दीर बाबगोंडा कुदळ घेऊन आले. "वैनी, रोगट वेली उपटून जाळूया. नासका आंबा अढीत ठेवत्यात व्हय?"

अक्काताई एका आजारी वेलीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "भावजी, तक्रार हिनंच करायची हाय. हिलाच उपटली तर बोलणार कोण?"

साहेबांनी मान डोलावली. मुद्दा कायदेशीर होता.

आळवणी त्याच दिवशी बंद झाली. परतणाऱ्यांच्या जेवणाची सोय म्हणून अक्काताईंनी शेणखत आणि लिंबोळी पेंड घातली. आजारी वेलीनं मुळांतून गोडसर रस सोडून रीतसर तक्रार नोंदवली. वास बांधाखाली पोचला आणि बिऱ्हाडं परत निघाली. सगळ्यांत पुढे होती रोगाच्या बुरशीलाच खाणारी ट्रायकोडर्मा. तीही बुरशीच, म्हणजे सरपंचबाईंची भावकी. भावकी उलटली की सरपंचकी टिकत नाही, हे कुठल्याही गावात विचारावं.

सभा भरली. घेरडेसाहेब जमिनीला कान लावून आडवे झाले. बऱ्याच वेळानं उठले, गालाची माती तशीच ठेवून म्हणाले, "ठराव मंजूर. विरोधात फक्त सरपंचबाई."

"जितली गं माझी बाय!" अक्काताईंनी वेलीला कवटाळलं आणि त्या ढसाढसा रडल्या. बाबगोंडांनी कुदळ फेकून गुलाल उधळला. साहेबांनीही कपाळ पुढे केलं.

तेवढ्यात मुळाशी आवाज आला. "मी मळा सोडणार न्हाई. सदस्य म्हणून ऱ्हाणार."

"कायद्यानं तो हक्क आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

अक्काताईंनी डोळे पुसले. "ऱ्हा की. तू हाईस म्हणून तर ही समदी जागी ऱ्हातील."

बुरशीला ते पटलं. ती मागच्या रांगेत जाऊन बसली आणि सभेचं कामकाज पुढे चालू झालं. तक्रारदार वेल पुढे आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडाच्या शेंड्याला भिडली. तिची पानं खुडायला अक्काताईंना शिडी लावावी लागली.