अक्कलदाढेची वाट बघणारे तात्या

घोटावड्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून ते म्हणाले, "जरा हसा बघू."

नवरा गोंधळून हसला. ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले ते सत्तरीचे गृहस्थ उठले, त्याच्या तोंडाजवळ आले, मान तिरकी करून आत पाहिलं आणि निकाल दिला, "बेचाळीस. तंबाखू न्हाई. उजव्या अंगाला दाढ किडलीया. खोली दिली."

नवरा तेव्हा एकेचाळीस वर्षं नऊ महिन्यांचा होता. किडलेल्या दाढेचं त्याने मला सांगितलेलं नव्हतं. त्यावरून घरी गेल्यावर आमचं थोडं वाजलंही.

तर हे सोपानतात्या. एकेकाळी अख्ख्या मुळशीत बैल घ्यायचा झाला की लोक आधी तात्यांना गाडीत घालत आणि मग बाजाराला जात. बैलाचं वय दातांवरून ठरतं, हे परभणीसारख्या ठिकाणी वाढूनही मला धड ठाऊक नव्हतं, ते तात्यांनी शिकवलं. दुधाचे दात असतात तोवर तो आदत. पुढचे दोन पडून पक्के आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि आठही पक्के दात आले की बैल 'जुळला'. जुळल्याशिवाय त्याला जड ओढकामाला लावायचं नाही, लावला तर कायमचा बसतो. हा तात्यांचा नियम, आणि तात्यांचा नियम कधी चुकला नाही असं तात्या सांगत.

पुढे जमिनी विकल्या गेल्या, कारखाने आले, गोठ्याच्या जागी भाड्याच्या सहा खोल्या उभ्या राहिल्या. बैल गेले, पण तात्यांची नजर जायला तयार नव्हती. ती भाडेकरूंवर वळली. खालच्या खोलीत नवं लग्न झालेलं आयटीतलं जोडपं आलं, त्यांना तात्या पाठीमागे 'चारदाती जोडी' म्हणत. दुधवाल्याला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "बाबा, तुझं तोंड बघून वाटत न्हाई तू सोताचं दूध पितूस."

आणि त्यांचं पालुपद एकच. "जुळू द्या." रस्त्याचं काम रखडलं, जुळू द्या. मुलाच्या कंपनीत पगारवाढीची बोलणी चालली होती, जुळू द्या. मी एकदा चहात साखर कमी झाली का विचारलं, तर घोट तोंडात फिरवत म्हणाले, "अजून जुळला न्हाई." मला हसू यायचं. पहिली काही वर्षं मी माहेरी फोन करून तात्यांच्या नकला करून दाखवत असे. आता करत नाही.

त्यांना एक नात होती, मयुरी. माझ्या लेकीच्या, तन्वीच्याच वयाची, एकाच वर्गातली. ती तात्यांची सावली होती. दर अमावस्येला सकाळी ती ओसरीच्या पायरीवर बसून आ करायची आणि तात्या अंगठ्याने ओठ वर करून दात मोजायचे. दुधाचा कुठला हलतोय, पक्का कुठला डोकावतोय, हे त्या दोघांना तोंडपाठ. शेवटी तात्या तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बेस चाललंय." मग ती उड्या मारत शाळेत जायची. त्या घरात तात्यांशी तासभर बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. मुलगा दत्ता त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राही, आणि सून दाराआडून बोले.

मयुरीचे वरचे दात पुढे होते आणि खालचा जबडा मागे राहिलेला. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागे. हसताना ती ओढणी तोंडावर घ्यायला लागली, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

तन्वीचेही दात वेडेवाकडे होते, म्हणून मी तिला पिरंगुटच्या दवाखान्यात दाखवणार होते. तिथे दर शनिवारी पुण्याहून तारा लावणाऱ्या डॉक्टर यायच्या. मयुरीच्या आईने मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "ताई, आमचीला बी न्याल का?" मी हो म्हणाले. शनिवारी सकाळी बघते तर गाडीत पुढच्या सीटवर धुतलेला फेटा बांधून तात्या बसलेले.

डॉक्टरांनी मयुरीला नीट तपासलं. म्हणाल्या, "बरं झालं आत्ता आणलंत. हिची अजून वाढ चालू आहे. आत्ता वर्षभर एक काढता-घालता येणारी प्लेट दिली तर खालचा जबडा पुढे यायला मदत होते. मग तारा. मुलींची वाढ लवकर थांबते, त्यामुळे हे याच वर्षी सुरू करायला हवं. आधी हाताचा एक्स-रे काढू."

"हाताचा?" तात्या म्हणाले. "दात त्वांडात आनि फोटू हाताचा?"

मनगटाच्या हाडांवरून वाढ किती उरलीय ते कळतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्यांना फसवायला आणलंय. मग त्यांनी खर्च विचारला. प्लेट आणि तारा मिळून सत्तर हजार, हप्त्याने चालेल, असं उत्तर आलं.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात टेबलावरून डॉक्टरांपुढे केला. डॉक्टर बघतच राहिल्या. बैलबाजारात भाव बोलून करत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून करतात, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार? तिला वाटलं म्हाताऱ्याच्या हाताला लागलंय. "काय झालं आजोबा?" म्हणत तिने टॉवेल उचलून पाहिला. बाहेर आल्यावर मी आणि तन्वी पोट धरून हसलो. मयुरीही हसली, ओढणीआडून.

पैशासाठी तात्यांनी नाही म्हटलं असं कुणी समजू नये. सत्तर हजार त्यांना जड नव्हते. टॉवेल त्यांनी रीत म्हणून काढला होता. खरं कारण त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. "पोरीचं त्वांड अजून जुळलं न्हाई. चार दाढा यायच्यात, अक्कलदाढा. जुळायच्या आत तोंडात लोखंड घातलं की जनावर कायमचं बसतंय. मी डोळ्यांनी बघितल्यात असली खोंडं. पयली अक्कलदाढ दिसू द्या, दुसऱ्या दिवशी नेतो."

मी म्हणाले, "तात्या, डॉक्टर म्हणाल्या ना, तोवर उशीर होईल."

"तुमी दांताच्या डाक्टर हाय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मंग?"

मयुरीला मी मागे वळून विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"तात्या म्हणतील तवा," ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका नावालाही नव्हती.

मी पुन्हा बोलायला हवं होतं. दत्ताला बाजूला घेऊन, चार वेळा भांडून, शाळेतल्या बाईंना मध्ये घालून. मी बोलले नाही. आमचं भाडं तात्यांनी तीन वर्षांत वाढवलेलं नव्हतं, आणि पाणी आमच्याकडे सगळ्यात आधी सोडायचे. एवढ्या फुटकळ कारणासाठी माणूस गप्प बसतो, हे मी स्वतःवरून सांगते.

तन्वीच्या तारा लागल्या. तिने दोन वर्षं कुरकुर केली, पेरू खायला मिळत नाही म्हणून रडली, आणि चौदाव्या वर्षी तारा निघाल्या तेव्हा आरशासमोरून हलेना. त्या आठवड्यापासून मयुरी वर यायची बंद झाली. मी हाक मारली की खालूनच "अभ्यास हाय काकू" म्हणायची. पंधराव्या वर्षी शाळेच्या मैदानात पडली, तर पुढे आलेल्या दाताचा कोपराच तुटला. वर्गातली पोरं तिला काय म्हणत ते तन्वीने मला सांगितलं, ते इथे लिहायची माझी इच्छा नाही. दहावीच्या निरोपसमारंभाला ती ताप आलाय म्हणून घरी राहिली. ताप नव्हता.

पण अमावस्येला ती पायरीवर बसतच होती. सोळा वर्षांची मुलगी, डोळे मिटून आ करायची, आणि तात्या जाड भिंगाचा चष्मा चढवून शेवटच्या दाढेमागे बघायचे. "न्हाई अजून," म्हणायचे. "याच वरसाला येणार बघ."

अक्कलदाढ आली ती मयुरी सतरा वर्षांची झाल्यावर. एका सकाळी तात्या जिन्याखालून ओरडले, "अवो ताई! आली! पोरगी जुळली!" त्यांनी त्या दिवशी सगळ्या खोल्यांत पेढे वाटले. मला आठवतं, पेढा हातात घेऊन मी आत गेले आणि तो तसाच ओट्यावर ठेवून दिला. मयुरी मात्र पाच वर्षांनी माझ्याकडे बघून मोकळं हसली होती. शनिवारी तिने नवा ड्रेस घातला.

डॉक्टर त्याच होत्या. त्यांनी जुना कागद काढला, नवे एक्स-रे घेतले, ते बराच वेळ बघितले. मग खुर्ची मयुरीकडे वळवून तिच्याशीच बोलल्या, हे त्यांचं मला आवडलं. वाढ संपली आहे, त्या म्हणाल्या. आता प्लेटचा उपयोग नाही. तारांनी दात थोडे मागे घेता येतील, पण जबडा मागेच राहील. जबडा पुढे आणायचा तर ऑपरेशन, तेही आणखी एखाद वर्षाने. हाड कापून पुढे सरकवायचं आणि पट्ट्यांनी बसवायचं. खर्च काही लाखांत जातो.

"तेव्हा केलं असतं तर?" मयुरीने विचारलं.

डॉक्टरांनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. "तेव्हा केलं असतं तर बहुतेक ऑपरेशन लागलं नसतं."

मयुरी तात्यांकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तसं. मग उठली आणि दार लोटून बाहेर जाऊन बसली.

पाच वर्षं मी एक वाक्य जपून ठेवलं होतं, "मी सांगत होते ना!" ते माझ्या ओठांवर आलं होतं. तात्यांचा चेहरा बघितला आणि ते तिथेच मेलं. आपल्याच हाताने आपलं वासरू आंधळं केलेल्या माणसासारखे ते बसले होते.

मग ते पुढे सरकले. दाराकडे एकदा पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून डॉक्टरांना म्हणाले, "बाई, लोक किडनी देत्यात म्हनं घरच्यांना."

"हो, देतात."

"मंग माझं हाड घ्या." त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हितलं. चांगलं रुंद हाय, अजून दगडासारखं हाय. कापून तिला लावा. मला आता काय चावायचं राह्यलंय? फकस्त तिला सांगू नका माझं हाय म्हनून. दुसऱ्या कुनाचं हाय म्हना. माझं म्हटलं तर ती घ्यायची न्हाई."

डॉक्टर हसणार होत्या. त्यांनी तात्यांकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. "आजोबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या ऑपरेशनला दुसऱ्याचं हाड लागत नाही. तिचंच हाड असतं, तेच पुढे घेतात."

"थोडं बी?"

"नाही."

"म्हंजी माझं कायच लागत न्हाई," तात्या म्हणाले.

मी फाइल उचलली, पुढची तारीख लिहून घेतली आणि त्यांच्या दंडाला धरून उठवलं. दारापर्यंत ते आले. काचेतून बाहेरच्या बाकावर पाठमोरी बसलेली मयुरी दिसत होती. तात्यांनी माझा हात सोडवला.

"तुमी तिला घेऊन म्होरं व्हा," ते म्हणाले. "मी येतो मागनं यष्टीनं."