गडग्यावरचे पेशंट

"धोंड्यांक गाऱ्हाणा घालता ती बाय हयच खंयतरी रवता मा गो?"

एसटीत माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईने शेजारणीला विचारलं.

"तळ्याच्या वयल्या वाडीत. नर्स होती दवाखान्यात. आता धोंड्यांची पोटां फाडता."

"येडी काय?"

"येडी नाय गो. पण शाणी म्हणूचा, तर धोंडे फाडता!"

दोघी खुदखुदल्या. माझ्या मांडीवरच्या पिशवीत त्या धोंडे फाडणाऱ्या बाईनेच कुडाळहून मागवलेले सहा पॉलिश पेपर आणि एक नवं पातं होतं. 'ती माझी आते आहे' एवढंच बोलायचं होतं. चार शब्द. ते मी जुळवेपर्यंत धामापूरचा थांबा आला आणि मी उतरले.

माझं नेहमी असंच होतं. शाळा गोव्यात, इंग्रजी माध्यमात झाली. मालवणी मला सगळी कळते, पण लहानपणी एकदा धीर करून बोलले तेव्हा ओटीवर बसलेले सगळे हसले. तेव्हापासून मी फक्त ऐकते. वाडीत मला 'घुमी' म्हणतात, माझ्यासमोरच म्हणतात, कारण घुमी काही बोलणार नाही याची त्यांना खात्री असते. आता कुडाळला नोकरी करते आणि शनिवार-रविवार नलूआतेकडे येते.

नलूआते माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्त झाल्यावर इतर लोक तीर्थयात्रेला जातात. आतेने फरशी कापायचं टेबलावरचं मशीन आणलं आणि पडवीत बसवलं. वडिलांनी फोनवर विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "जलमभर डॉक्टरांच्या हातात कात्री दिलंय. आता कातरूची पाळी माझी."

कापायचं काय, तर धोंडे. नांगराला लागलेले, विहिरीतून निघालेले, कर्ली नदीच्या पात्रातले. वरून बघाल तर लाथेने बाजूला साराल असे काळे-तपकिरी, खडबडीत. आते ते मधोमध कापते. आत कधी नऊवारीच्या काठासारखे लाल-काळे पट्टे निघतात, कधी पांढरी गारगोटी आणि तिच्या पोकळीत साखरेच्या खड्यांसारखे चमकणारे स्फटिक. कधी काहीच निघत नाही. तेव्हा ती दोन्ही अर्धे उजेडात धरून समाधानाने म्हणते, "निरोगी आसा! पोटात काय एक नाय. घरी न्हेवा." ज्याने धोंडा आणलेला असतो तो ओशाळतो. आते कधीच ओशाळत नाही.

थिएटरची शिस्त तिने सोडलेली नाही. हिरवा एप्रन, टोपी, मास्क, डोळ्यांना चष्मा. पातं तापू नये म्हणून त्यावर पाणी सोडावं लागतं. त्यासाठी तिने खांबाला सलाईनची रिकामी बाटली धुऊन टांगली आहे आणि थेंब किती पडतात ते घड्याळ लावून बघते. अंगणाचा गडगा, म्हणजे कमरेएवढं दगडी कुंपण, ही ओपीडी. गाववाले जाता-येता धोंडा गडग्यावर ठेवतात आणि सुतळीने चिठी बांधतात: कोणाचा, कुठे सापडला. चिठीशिवाय पेशंट टेबलावर जात नाही.

आणि कापण्याआधी गाऱ्हाणं. आमच्याकडे जत्रेला, कार्याला देवासमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात. आते ते धोंड्यालाच घालते.

"बा धोंड्या म्हाराजा! आज तुका टेबलार घेतलंय. तुझ्या पोटात जां काय आसात, तां फुटाशिवाय भायर येवंदे रे म्हाराजा!"

मग थांबते. पडवीत दुसरं कोणी नसतं. मग तीच, थोड्या जाड आवाजात: "व्हय म्हाराजा!"

"माझी धाय बोटां धायच रवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाइट मदीच जावची नाय असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणाची काय हरकत आसात, तर तेना आताच तोंड उघडूचा रे म्हाराजा!"

इथे ती मनात पाच आकडे मोजते. ही थिएटरची सवय. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, कोणाला काही शंका? पाच झाले की मशीन सुरू.

मी पडवीत असले की साथ देणं माझं काम. पहिल्यापासून मी फक्त ओठ हलवत आले. आतेला ते दिसायचं. "आवाज सलाईनीत अडाकलो काय गो तुझो?" एवढं म्हणून ती स्वतःच साथ द्यायची.

तिचा आणखी एक कायदा होता: अर्धो धन्याचो. आमच्याकडे शेतं अर्धेलीने करतात. राबणाऱ्याला अर्धं पीक, जमीनवाल्याला अर्धं. आतेने तोच हिशेब धोंड्यांना लावला. एक अर्धा घासून, चकचकीत करून ज्याचा त्याला परत, दुसरा तिच्या फळीवर. त्यामुळे आज वाडीत असं घर नाही जिथे अर्धा धोंडा नाही. कोणाकडे टीव्हीशेजारी, कोणाकडे देव्हाऱ्याच्या पायरीवर. शिंप्याकडे तो कापड दाबायला आहे. भिकूच्या घरी खाटेच्या तुटक्या पायाखाली आहे, पण चकचकीत बाजू बाहेर करून.

आता मे महिन्यातली गोष्ट सांगते. सांगायला सोपी नाही.

शेजारच्या सुलभाकाकीकडे खारातल्या आंब्यांची कमरेएवढी बरणी आहे. कैऱ्या मिठाच्या पाण्यात वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर ताटली आणि ताटलीवर धोंडा. तो धोंडा सुलभाकाकीच्या सासूचा. दर वर्षी काकी तो कढत पाण्याने धुते आणि आमच्या गडग्यावर सुकायला ठेवते, कारण तिच्या अंगणात फणसाची सावली आहे.

त्या शनिवारी गडग्यावर भिकूचा धोंडा होता, पण त्याची चिठी सुटून बाजूला पडली होती. काकीने आपला धोंडा ठेवला, चिठी वाऱ्याने फडफडताना बघितली आणि उडून जाऊ नये म्हणून चांगल्या मनाने आपल्याच धोंड्याखाली सारली. मी पडवीत बसून हे सगळं बघितलं.

अर्ध्या तासाने आते आली. चिठी वाचली, 'भिकू, नवी विहीर'. तिच्यावरचा धोंडा उचलला. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, दोघींचं काही ठरलं असेल. गाऱ्हाणं झालं. हरकत विचारून झाली. आतेने पाच मोजले. मीही मोजले. मशीन सुरू झालं.

इतका सुंदर धोंडा त्या फळीवर आजवर आला नव्हता. लाल, काळे, राखाडी पट्टे आणि मधून पांढऱ्या गारेची एकच बारीक शीर, जशी भांगाची रेघ. आते मास्क खाली ओढून ओरडली, "भिकूच्या व्हयरीत ह्यां होता!"

तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, "नलू, माझो धोंडो सुकलो काय गो?"

आतेच्या हातात दोन अर्धे होते.  सवयीने तिच्या तोंडातून निघून गेलं, "अर्धो धन्याचो."

"अर्धो?" काकीने कपाळावर हात मारला. "माझ्या सासूचो धोंडो! चाळीस वर्सां खारात बसलो, कधी हू का चू केल्यान नाय! अर्ध्या धोंड्यान खार दबता काय? तूच बस आता माझ्या बरणीत!"

काकी गेली. आतेने एप्रन काढला, घडी घातली, सलाईनची बाटली उतरवली. मशीनवर पांढरी चादर टाकली, अगदी कडा सरळ करून.

"चुकीचो पेशंट कापलंय," ती म्हणाली. "एकतीस वर्सां हातातली नावाची पट्टी वाचल्याशिवाय एक माणूस आत सोडूक नाय. आता नको. पुरे."

चिठी तिथे कशी गेली, हे तिने कोणालाच विचारलं नाही. माझ्याकडे तर बघितलंही नाही.

पुढचे दोन शनिवार चादर तशीच होती. गडग्यावर पेशंट वाढत गेले. लोक ठेवून जायचे आणि आते चिठीवर 'परत न्यावा' लिहायची. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड आठ दिवसांत तांबडं होतं. चादर उचलून बघितलं तर पात्याच्या मधल्या चकतीवर गंज चढत होता. मी दर खेपेला ठरवायची, आज सांगायचं. जेवताना सांगायचं, आंघोळीनंतर सांगायचं. कुडाळच्या गाडीत बसल्यावर वाक्य तयार व्हायचं.

एक काम मात्र आतेने सोडलं नव्हतं: रविवारचा राउंड. मी कधी तिच्याबरोबर गेले नव्हते. दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी गेले.

आमच्या वाडीत बरीच घरं बंद असतात, माणसं मुंबईला. त्यांच्या शेतातले धोंडेही आतेने कापले आहेत आणि त्यांचे अर्धेही कायद्याप्रमाणे परत दिले आहेत. घ्यायला कोणी नाही, म्हणून कुलपाशेजारी, ओटीच्या कठड्यावर ठेवले आहेत. आते प्रत्येक ओटीवर चढली. पदरात खोबरेल तेलाची चिंधी होती. धूळ पुसून धोंड्यावर तेलाचा हात फिरवला की पट्टे पुन्हा उजळायचे. "पेशंट स्टेबल आसा," असं म्हणून ती पुढच्या घराकडे वळायची. शेवटच्या घरी मात्र ती कुलपासमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"ह्या घरच्या धन्याक यंदा चवथीक तरी कुलूप उघडूची बुदी दी रे म्हाराजा!"

आणि थांबली. मी दोन पायऱ्या खाली होते. ओठ हलवले. आतेने वळून बघितलं, थोडा वेळ वाट बघितली आणि मग जाड आवाज काढून स्वतःच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

तो जाड आवाज मला इतकी वर्षं गमतीचा वाटत आला होता.

घरी आल्यावर तिने फळीवरून तो धोंडा काढला. दोन्ही अर्धे. असं कधीच झालं नव्हतं. आम्ही सुलभाकाकीकडे गेलो. काकीने बरणीत ताटलीवर पितळेचा खल ठेवला होता. तो कलंडला होता आणि कैऱ्या एका बाजूने वर आल्या होत्या.

"दोनय तुझेच," आते म्हणाली. "अर्धेल नाय."

काकी रागातच होती. रागातच तिने एक अर्धा घेतला आणि उलटा केला. त्या दिवशी तिने आत बघितलंच नव्हतं. खिडकीजवळ जाऊन खूप वेळ बघत राहिली.

"म्हातारी इतकी नटान बसलेली आत," ती शेवटी म्हणाली, "आणि माका चाळीस वर्सां नुसती पाठ दाखयल्यान!"

मग खल काढून तिने अर्धा धोंडा ताटलीवर ठेवला. सपाट बाजू खाली. गोल धोंडा चाळीस वर्षं डुगडुगत होता. हा गप्प बसला. काकीने बरणी हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली.

"बरो बसता गो ह्यो. पण वजनाक कमी. दुसरो अर्धो मी खारात घालूचंय नाय, तो भायर रवंदे, माका दिसाक." ती परसात गेली आणि कपडे धुवायच्या दगडाशेजारचा एक मोठा गोटा पोटाशी धरून घेऊन आली. "ह्यो फाड. माका सपाट व्हयो."

"मी सोडलंय."

"सोडलंस तर सोडलंस. आंबे कोण सांभाळतलो?"

काकीने गोटा स्वतः आमच्या गडग्यावर नेऊन ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली. "मी हयसून उठूचंय नाय. चिठी नको. धनी सोबत इलो आसा."

आतेने चादर काढली. नवीन पातं बसवलं, मी आणलेलं. बाटली टांगली, थेंब मोजले.  एप्रनची गाठ मला मारायला सांगितली. गोटा टेबलावर घेतला.

"बा धोंड्या म्हाराजा..." इथपासून ती हरकतीपर्यंत आली. साथ काकी देत होती, तीही हसत हसत. "कोणाची काय हरकत आसात, तर तेना आताच तोंड उघडूचा रे म्हाराजा!"

 पाच झाले असतील, दहा झाले असतील. आतेचा हात बटणावर होता आणि दाबत नव्हता.

"आते," मी म्हटलं. "काकीने तो धोंडा ठेवला तेव्हा मी बघत होते. चिठीसुद्धा बघितली होती. मी बोलले नाही."

काकीचं तोंड उघडं राहिलं. आतेने चष्मा वर केला.

"म्हायत आसा माका. थेटरात कोण खंय बसलेला आसा, ह्यां बघूचा माझाच काम."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अर्धो धन्याचो," आते म्हणाली. "चूक अर्धी माझी, अर्धी तुझी. माझी मी घेतलंय. तुझी तू सवडीन न्हेतलंस म्हणान ठेवलेलंय."

तिने चष्मा पुन्हा खाली केला आणि गोट्याकडे वळली.

"ह्या घरात जां कोण बसान आसात, तेचो आवाज आमका ऐकाक येवंदे रे म्हाराजा!"

गडग्यावर काकी होती. रस्त्यावर भिकू सायकल धरून थांबला होता. माझी मालवणी ऐकून हसायला तेवढे पुरेसे होते.

"व्हय म्हाराजा!"