तहान किती लागते?

“रात्री किती वेळा उठाले लागते जी तुम्हाले?”

हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारला गेला आणि तोही मला बघायला आलेल्या मुलाच्या आईला. मी दाराआड रिकाम्या बाटल्यांचा ट्रे धरून उभी होते. आत एकदम इतकी शांतता झाली की कूलरच्या पंपाचा आवाज ऐकू यायला लागला.

विचारणारे देवतळे काका होते. आमच्या गल्लीत असा प्रश्न दुसरं कुणी विचारणं शक्यच नव्हतं.

काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत ते मुनीम होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्ड्रिंकविरुद्ध मोहीम उघडली. तिच्यात सैनिक एकच होता. गल्लीत वाढदिवस, बारसं, साक्षगंध काहीही असो, कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फात बुडवलेल्या बाटल्यांचा खोका निघाला की त्याच्यामागोमाग काका निघायचे. काखेत एक छोटी पितळी कढई असायची. कढई स्वतःची, कारण “मंग कोणी म्हणाले नोको का भांड्यालेच गोडी होती.”

यजमानांच्या स्वयंपाकघरात जाऊन ते एक बाटली कढईत ओतायचे आणि स्टोव्ह पेटवायचे. फेस यायचा, फेस जायचा, नारिंगी वास घरभर पसरायचा. काका ढवळत राहायचे. शेवटी तळाशी चिकट, लालसर पाक उरला की तो चिमटीत धरून तार काढून दाखवायचे.

“पाहा वहिनी, एकतारी. तीन माणसांच्या चहाची साखर हाये ही. तुम्ही लिंबाच्या सरबतात एवढी टाकान का? पोट्टे तोंडात तरी धरतीन का? पण हे कारखान्यावाले हुशार. थंडीनं जिभेले भूल पडते अन् गॅसनं चिमटे बसते. गोडाचा पत्ताच नाही लागत.” मग पुढे दात, हाडं, पोटाचा घेर, साखरेची बिमारी असं क्रमाने सगळं यायचं. तोपर्यंत बाहेर मुलांच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असायच्या.

काका भेटल्यावर “कसं काय” असं म्हणत नसत. “तहान किती लागते?” असं म्हणत. दूधवाल्याला, पोस्टमनला आणि कॉलेजला निघालेल्या मलासुद्धा. नागपुरात, मे महिन्यात! दूधवाला म्हणायचा, “काका, इथं माठालेही तहान लागते.” मी नुसती हसायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत तोंड उघडलं की कुणीतरी हसणार, अशी भीती शाळेपासून अंगात बसलेली. त्यामुळे मी बोलत कमी असे आणि बघत जास्त असे. काकांना हे फार सोयीचं होतं. त्यांना मधे न बोलणारं माणूस गल्लीत दुसरं मिळत नव्हतं.

मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो पाक काका कधी टाकून देत नसत. वाटीत काढायचे, वर बशी झाकायचे आणि जपून घरी न्यायचे. त्याचं पुढे काय व्हायचं? काका स्वतः चहासुद्धा बिनसाखरेचा घेत. आई म्हणायची, “गाईला घालत असतील.” बाबा म्हणायचे, “दार लावून चाटत असतील. एवढा राग उगाच नसतो कुणाला.”

बाबा आणि काका यांचं तसं छान जमायचं. बाकी गल्लीने काकांना घरी बोलावणं केव्हाच बंद केलं होतं. संध्याकाळचा चहा त्यांना फक्त आमच्याकडे होता. बाबा बँकेतून स्कूटरवर यायचे, येताना कोपऱ्यावर थांबून एक बाटली रिचवायचे आणि एक घरी आणायचे. ती संपली की माठातलं पाणी, तांब्यावर तांब्या. काका समोर बसून बघत राहायचे.

“गोविंदराव, तहान किती लागते?”

“देवतळे, उन्हाळा आहे हो.”

“रात्री उठाले लागते का?”

“माणसाला झोपू द्या की जरा!”

मग दोघं हसायचे. त्या वर्षी बाबांची पँट सैल झाली होती. आईने पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. उन्हाळ्यात माणूस उतरतोच, ती म्हणाली. रात्री मोरीतला दिवा दोन-तीनदा लागायचा, तोही उन्हाळ्याच्याच खाती.

तर त्या दिवशी, मला बघायला पाहुणे आले. सूट घातलेला मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी बाटल्यांचा ट्रे नेला. मुलाच्या आईने एक बाटली संपवली, दुसरी मागितली आणि वर पाणी मागितलं. कोपऱ्यात बसलेले काका पुढे सरकले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

“म्हणजे?” बाई म्हणाल्या.

“म्हणजे लघवीले जी,” काका अत्यंत आदराने म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले. बाई सावरायच्या आत काका स्वयंपाकघरात गेले आणि कढई घेऊन परतले. त्यांनी ट्रेमधली एक भरली बाटली आधीच पळवून आटवायला ठेवली होती. मुलाच्या वडिलांपुढे उभं राहून त्यांनी तार काढून दाखवली. ती तुटून बाजूला बसलेल्या मुलाच्या सुटावर पडली.

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी बोलत नाही आणि शेजारी फार बोलतो.

मला खरं सांगायचं तर दुःख झालं नाही. मुलगा बाटलीच्या तळाशी स्ट्रॉने फार आवाज करत होता. पण बाबा चिडले. अंगणातल्या मधल्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी काकांना सांगितलं, “देवतळे, आता आमच्या घरी येऊ नका. माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

काकांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने सवयीने एक कप बिनसाखरेचा चहा जास्त केला. तो ओट्यावर निवत राहिला. भिंतीपलीकडे काकांच्या खुर्चीचा आवाज येत होता. ते तिथेच बसले होते, चहाच्या वेळेला, एकटे.

त्या दिवशीच्या गडबडीत पाक तेवढा वाटीतून गेला होता, त्यांची कढई आमच्याकडेच राहिली होती. ती घासून, मी एका दिवशी ऊन कलताना परत द्यायला गेले. खरं म्हणजे मला पाकाचाही छडा लावायचा होता. पुढचं दार उघडं होतं, पण काका घरात नव्हते. मागच्या अंगणात गेले तर ते मोरीच्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले. पुढ्यात पळसाचं पान आणि पानावर आमच्याच बाटलीतला पाक. भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघून पानापर्यंत आली होती. काका त्यांच्याकडे असे बघत होते, जसं पंगतीत कुणाला काय हवं-नको बघावं.

मला पाहून ते दचकले नाहीत. “बस वं बाई,” म्हणाले. “सावलीत बस.”

मी बसले.  मुंग्या बघत राहिले. मग तेच बोलायला लागले.

“तुह्या काकूले लय तहान लागे. त्या उन्हाळ्यात तं घागर पुरे ना. मी म्हणो, ऊन हाये, लागतेच. मंग रोज वखारीतून येताना तिच्यासाठी थंडी बाटली आणो. बर्फातली. तिले नारिंगी आवडे. पहिला घोट घेतला का डोळे मिटून घे.”

 एक मुंगी पाकात फसली होती, तिला काकांनी काडीने बाहेर काढलं.

“एक बाटली पिऊन तहान जाये ना, म्हणून मी दोन आणाले लागलो. माह्यासारखा नवरा नाही, असं मले वाटून राहिलं होतं. अन् मोरीत ह्या मुंग्या झाल्या. झुंडीनं. मी म्हटलं, एवढ्या मुंग्या काहून? पावडर आणली अन् टाकली. रोज टाको. पुन्हा येत.”

“डॉक्टरनं मंग सांगितलं,” काका म्हणाले. “ साखरेची बिमारी जुनीच होती. तहान त्याच्यानंच लागे. अन् मी त्या तहानेवर साखरच ओतून राहिलो होतो. मुंग्या लघवीतल्या साखरेले येत होत्या. डॉक्टर म्हणे, कोणाच्या ध्यानात कसं नाही आलं? तोवर उशीर झाला होता.”

पान त्यांनी थोडं सावलीत सरकवलं.

“सगळ्यात आधी ह्याईले कळलं होतं. थ्या मले सांगून राहिल्या होत्या अन् मी त्याईले पावडर टाकून मारलं.”

मी कढई त्यांच्याजवळ ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. इंग्रजीत दोन वाक्यं सुचली, ती तिथे शोभली नसती. मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून काका हळूच म्हणाले, “गोविंदरावाले सांगजो, माह्यावर राग धरला तं चालन. पण तहान तेवढी पाहा म्हणा.”

घरी आले तेव्हा बाबा नुकतेच आले होते. नारिंगी बाटली रिकामी करून टेबलावर ठेवलेली आणि ते माठापाशी उभं राहून, तोंड वर करून तांब्या ओतत होते. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसली. आतापर्यंत मी ती रोज बघत होते.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“यंदा मोरीत मुंग्यांनी नुसता उच्छाद मांडलाय बाई. पुसलं तरी पुन्हा हजर!”

मी मागे धावले. आई पावडरचा डबा उघडत होती. फरशीच्या कडेने, मोरीपर्यंत, एक काळी रांग. मी तिच्या हातातून डबा घेतला. ती बघतच राहिली. बाबा तांब्या घेऊन दारात आले आणि म्हणाले, “काय झालं?”

मी अंगणातल्या मधल्या भिंतीपाशी गेले, टाचा उंचावल्या. गल्लीतलं कुणी ऐकेल, कुणी हसेल, हे तेव्हा मनातच आलं नाही. गल्लीने माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला असेल.

“काका! लवकर इकडे या. बाबांना फार तहान लागते हो, आणि रात्री सारखं उठावं लागतं!”