हेलियमच्या धुरातला फोटो

उद्घाटनाआधी चालू केलेलं यंत्र नीट चालत नाही, हा पदार्थविज्ञानाचा पायाभूत नियम आहे (पाठ्यपुस्तकांतून तो अनवधानाने राहून गेला आहे). दिग्रसच्या एका महाविद्यालयात तो काटेकोर पाळला जातो. म्हणूनच दिपाली या संशोधक विद्यार्थिनीच्या यंत्राच्या बटणावर लाल फीत बांधलेली होती आणि ती स्वतः कात्रीचं तबक धरून शेजारी उभी होती.

यंत्रात एक कणभर स्फटिक होता, लोखंड आणि सेलेनियमचा. तो द्रव हेलियमने भयानक गार केला की त्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने निघतात आणि वीज विनातक्रार धावते. चुंबकत्व एरवी अशा जोड्या मोडतं. या स्फटिकात मात्र तेच जोड्या जुळवत असावं, असा जाणकारांना संशय आहे. (एरवी जोड्या मोडणारे आणि मधेच एखादी जुळवणारे असे एक-दोन गृहस्थ प्रत्येक गावात असतात.) त्या संशयाचा निकाल लावणारं रीडिंग दिपालीच्या पीएच.डी.चं शेवटचं होतं. हेलियम मुंबईहून आला होता, एकदाच पुरेल इतका. पुढचा पुढच्या वर्षी, मंजुरी मिळाल्यास.

पाहुणे वेळेवर आले, म्हणजे जेवणाआधी. नळीतून निघणारी पांढरी वाफ पाहून संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव प्रसन्न झाले.

"पोरी, धूर अजून सोड ना. फोटोत काहीच दिसून नाही राह्यलं."

"धूर नाही जी तो. हेलियम उडून राह्यला. संपला तर रीडिंग होनार नाही."

"होते वं. आमी काय मशीन घरी नेऊन राह्यलो?"

विज्ञानाच्या प्रसारासाठी तिने झडप उघडली. धुरासह फोटो निघाले ते असे: अध्यक्ष, अध्यक्ष व सौ. इंदुताई, संचालक मंडळ, डोळे मिटलेले संचालक पुन्हा, मांडव देणारे कापूस-जिनिंगवाले हिरासिंगजी, आणि स्वयंपाकी मंडळी, कारण वांग्याची भाजी आणि रोडगे खरोखरच फर्मास झाले होते.

मग फीत कापली गेली. तोवर टाकी कोरडी पडली होती आणि स्फटिकातले इलेक्ट्रॉन सुटेसुटे, एकमेकांना धक्के देत, पंगतीला निघाल्यासारखे चालले होते. सदाशिवरावांनी बटण दाबलं. पडद्यावर आकडा उमटला. टाळ्या झाल्या.

"मोठा हाय ना आकडा?" त्यांनी विचारलं.

"मोठाच हाय जी," दिपाली म्हणाली. "विजेचा अडथळा हाय तो. शून्य यायले पायजे होता."

"शून्य कायले? कॉलेजच्या इज्जतीचा सवाल हाय."

अहवालात 'अपेक्षेपेक्षा अधिक यश' अशी नोंद झाली. दिपाली प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून रडली. वर्ष गेलं होतं आणि ते कोणाला सांगावं हेही तिला कळत नव्हतं.

वाचकांनाही वाईट वाटलं असेलच; विज्ञानाची कळकळ आपल्या सगळ्यांनाच आहे. तेव्हा तुम्हीच सांगा, त्या स्फटिकात लोखंडाच्या जोडीला काय होतं?

(राहू द्या. वांग्याच्या भाजीच्या जोडीला काय होतं, ते सांगा.)